असू दे म्हणून

"टोचून घेऊ ना, आत्याबाई?" बुवांनी विचारलं.

धोतराचा सोगा सारखा करून ते लोखंडी कॉटवर बसले होते. हातात इन्सुलिनचं पेन. पुढ्यात तिवईवर रिकामं ताट, एक वाटी आणि पाण्याचा तांब्या. देवळामागच्या त्या खोलीत एक ट्यूबलाइट, एक जुनं कॅलेंडर आणि दाराजवळ एक खुंटी, एवढंच काय ते होतं. खुंटीवर माझी कापडी पिशवी लटकत होती.

मी फोनकडे पाहिलं. सहा वाजून चार मिनिटं झाली होती. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं होतं, 'ऑर्डर मोकळी आहे. साधारण वेळ एकवीस मिनिटं.'

मोकळी म्हणजे अजून कोणी घेतलेली नाही. पण एरवी दहा सेकंदांच्या आत कोणीतरी झडप घालायचंच. आजही घालेल, एवढ्या भरवशावर मी बोलले.

"घ्या बुवा. डबा निघालाच समजा."

बुवांनी सदरा वर करून पोटात सुई घातली, तोंडानं दहापर्यंत आकडे मोजले आणि पेन डबीत ठेवलं.

"आता अर्ध्या तासात पोटात काहीतरी पडायला हवं बरं का. नाहीतर सात वाजता मी आडवा आणि पेटीवाला उभा, असं कीर्तन व्हायचं."

ते हसले, मीही हसले. पण मी परत फोनकडे पाहिलं. मागच्या चैत्रात एका गावी जेवायला उशीर झाला होता, आणि विश्वनाथबुवा आष्टेकर भर पूर्वरंगात घामाघूम होऊन खाली बसले होते. आमच्या कुरुंदवाडात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मलाही.

त्या संध्याकाळला आता नऊ वर्षं झाली.

रेवती माझ्या भावाची मुलगी. पुण्यातली नोकरी सोडून ती माझ्याकडे येऊन राहिली आणि आठव्या दिवशी म्हणाली, "आत्या, मला धंदा सुचलाय." तो मीच सुचवला असं ती म्हणायची, पण माझा त्यात दोष नाही. आपल्या उत्सवाच्या पंगतीला मालक कोण असतो, एवढंच मी विचारलं होतं. ज्याला वाटेल तो पदर खोचतो आणि वाढायला लागतो. त्यावरून तिनं फोनवरची ती 'मोकळी पंगत' काढली. गावातल्या कोणत्याही बाईनं आपल्या घरचं जेवण त्यात मांडायचं. ज्याला भूक लागली त्यानं मागवायचं. आणि त्या बाजूला जो कोणी निघाला असेल, दळण आणायला म्हणा की शिकवणीला म्हणा, त्यानं जाता जाता डबा पोचवायचा. मधे दलाल नाही, कंपनी नाही.

"मंडईत नाही का," ती सांगायची, "टोपली ठेवायची आणि ओरडायचं. तसंच."

"आणि ओरडायचं कोणी?"

"फोन ओरडेल."

फोन खरंच ओरडायचा. ऑर्डर आली की अकरा स्वयंपाकघरांत एकदम घंटी वाजायची आणि दोन बटणं यायची, 'घेते' आणि 'नको'. जी आधी 'घेते' दाबेल तिची ऑर्डर. पंधरा दिवस आम्ही हे करून पाहत होतो. गावात नुसती धमाल चालली होती. आमच्या गल्लीतली शैला कुरणे तर फोन पोळपाटाशेजारीच ठेवायची. बँकेतल्या साहेबांची खिचडी तिनं चार सेकंदांत उचलली, तेव्हा देवळासमोरच्या विमलवहिनी हेरवाडे तिला रस्त्यावर म्हणाल्या, "अगं, अंगठा आहे की घार?" दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या.

मग पुण्याहून पाटणकरसाहेब येणार असं ठरलं. त्यांच्या लोकांनी पैसा घातला असता, तर हा खेळ सांगली, कोल्हापूर, पार सोलापूरपर्यंत गेला असता. नाही घातला तर रेवतीची पुण्याची जुनी नोकरी एक तारखेपर्यंत तिची वाट बघत होती. तिनं मला हे सांगितलं नव्हतं. मी तिच्या फोनवर वाचलं होतं.

साहेबांची एकच अट होती. "मला नाटक नको. खरी ऑर्डर, खरी संध्याकाळ. ऑर्डर कोण घेणार हे आधी ठरवायचं नाही, कोणी कोणाला फोन करायचा नाही."

उत्सवाचा पहिला दिवस, बुवांचं कीर्तनाआधीचं जेवण, यापेक्षा खरी ऑर्डर कुठून आणायची? विश्वस्तांनी होकार दिला, आणि यंदा बुवांचं ताट पंगतीतून येणार हे गावभर झालं. तोवर बुवांचं जेवण दर वर्षी एकेका विश्वस्ताच्या घरी असायचं. रेवतीनं मला मात्र बजावून ठेवलं होतं. "तुझं स्वयंपाकघर आज मी बंद दाखवलंय. घरच्या माणसानं ऑर्डर घेतली तर ते लबाडी म्हणतील. तू फक्त बुवांजवळ बस. हात बांधून."

तशी मी बसले होते. हात बांधून.

सहा दहा. 'ऑर्डर मोकळी आहे.'

"काय म्हणतंय तुमचं यंत्र?" बुवांनी विचारलं.

"येतोय."

"यंत्र म्हणतंय, की तुम्ही म्हणताय?"

मी पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला. बुवांनी मला गेल्या वर्षीच्या प्रवासातली एक गंमत सांगायला घेतली. स्टँडवर त्यांचा फेटा बघून एकानं त्यांना लग्नातले आचारी समजून तीनशे पानांचा भाव विचारला होता. तीस वर्षं मी या आवाजावर जीव टाकत आले. पहिल्या रांगेत खांबाजवळची जागा माझी. त्यांनी नमनाला तोंड उघडलं की माझी दिवसभराची कटकट उतरायची. पण त्या संध्याकाळी ते दोन हातांवर बसून माझ्याशी एकटीशी बोलत होते आणि मला निम्मं ऐकू येत नव्हतं. मी फक्त दाराबाहेरच्या फरशीवर चपलांचा आवाज येतो का ते ऐकत होते.

चपला वाजल्या. रेवती होती. ओढणी खांद्यावरून घसरलेली, तोंड कोरडं पडलेलं. मला तिनं दारात ओढलं.

"आत्या, कोणी घेत का नाही गं?"

"मला काय विचारतेस? तूच हात बांधून बसवलंयस."

"नेट आहे ना सगळीकडे?"

"आहे की. शैलानं आत्ता गजऱ्याचा फोटो टाकलाय."

"मग? काल वरणभातासाठी तिघी भांडल्या! तिकडे देवळात साहेब घड्याळ बघतायत. मला म्हणाले, तुमच्या बाजारात आज सुट्टी आहे का?" तिचे डोळे भरून आले होते. "बुवांनी टोचून नाही ना घेतलं अजून?"

मी पेनाच्या डबीकडे पाहिलं.

"आत्या!"

"मीच घ्या म्हटलं गं. मला वाटलं, लगेच..."

तिनं कपाळावर हात मारला. तेवढ्यात तिचं लक्ष खुंटीकडे गेलं. "ती पिशवी कसली?"

"ओवाळायचं सामान आहे. निरांजन, वाती."

देवळाच्या भिंतीला टेकून मी खोटं बोलले. कॉटवर बुवा डोळे मिटून बसले होते.

"अजून दहा मिनिटं बघू," रेवती म्हणाली. "नाहीतर मी साहेबांना सांगते, फसलं म्हणून, आणि समोरून कोणाकडून तरी ताट आणते. बुवांच्या जिवापुढे माझा धंदा गेला चुलीत." ती आली तशी धावत परत गेली.

सहा वीस. मी 'घेते' बटण कुठे दिसतंय का म्हणून फोन वरखाली केला. माझं स्वयंपाकघर बंद. बटणच नव्हतं.

सहा पंचवीसला बुवांची गोष्ट मधेच थांबली. भाव विचारून तो माणूस पुढे कुठे गेला, ते काही त्यांना आठवेना. त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. परत पुसलं. डिसेंबरचा महिना होता, आणि त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता.

"आत्याबाई, तेवढी खिडकी..."

खिडकी उघडीच होती.

मी गाभाऱ्याकडे पळाले. पुजाऱ्यानं काही विचारायच्या आत देवापुढची खडीसाखर मूठभर उचलली आणि परत आले. बुवांचा हात इतका थरथरत होता, की दोन खडे त्यांनी तोंडात घातले आणि बाकीचे फरशीवर सांडले. मी खाली बसून ते वेचायला लागले. का वेचत होते देव जाणे. हातांना काहीतरी करायचं होतं.

"साखर घडीभर वेळ काढेल," बुवा हळू म्हणाले. "वर अन्न हवं."

मी उठले. खुंटीपाशी गेले. पिशवीच्या बंदाला हात घातला.

आणि दारावर टकटक झाली.

शैला होती. पदराखाली काहीतरी धरलं होतं. मला बघून ती इतकी दचकली, की जणू मीच तिला चोरी करताना पकडलं.

"मी दाबलं नाही हं," ती आधीच म्हणाली. "फक्त आणलाय. असू दे म्हणून."

पदराखालून तिनं तीन पुडांचा डबा काढला. दोन भाकऱ्या, मेथी, मुगाची आमटी. अजून वाफ होती.

"अगं शैला! मग दाबलं का नाहीस?"

"काय बाई बोलता! बँकवाल्याची खिचडी वेगळी. बुवांना जेवू घालायचं पुण्य मी एकटीनं हिसकावून घेऊ? वहिनींनी घेतली असेल म्हटलं. त्यांचं घर देवळासमोर."

"आणि मग 'नको' तरी दाबायचंस!"

"बुवांच्या ताटाला 'नको' म्हणू?" शैलानं दोन्ही कानांना हात लावले.

तिला बाजूला सारून मी भाकरी ताटात मोडली आणि आमटी ओतली. बुवांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मी भिंतीला टेकून घास मोजत होते.

तिसऱ्या घासाला विमलवहिनी आल्या. हातात स्टीलचा डबा, वर झाकलेला रुमाल.

"मी काही घेतली नाही बरं का ऑर्डर," त्या दारातूनच म्हणाल्या. "शैलाच घेणार, मला माहीत होतं. तरी म्हटलं, असू दे." मग त्यांना आत शैला दिसली. "काय गं घारी, आज पंख गळाले का?"

त्यानंतर दार मिटलंच नाही. गल्लीच्या दोन्ही टोकांनी बायका येत होत्या, प्रत्येकीच्या पदराखाली डबा, आणि प्रत्येकीच्या तोंडी तेच. मी दाबलं नाही. नुसता आणलाय. सगळ्यांनी पाच वाजल्यापासून चुली पेटवल्या होत्या, सगळ्यांनी भाकऱ्या थापल्या होत्या, सगळ्यांनी त्या दोन बटणांकडे अर्धा तास बघत बसून अंगठा मागे घेतला होता. शेवटी शमीमभाभी मुजावर आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

"तू तरी दाबायचंस," मी म्हटलं. "तुला कोणाची भीड?"

"दाबणारच होते, नलूआत्या. मग म्हटलं, पहिल्याच दिवशी बुवांचं जेवण माझ्याकडनं गेलं, तर या सगळ्या माझ्याकडे बघून घेतील." तिनं एकेकीकडे डोळे फिरवले. "आता बघा, एकीनंपण घेतलं नाही. मग मी काय वाईट होते?"

बायका हसायला लागल्या, आणि हसता हसता एकदोघींनी माना खाली घातल्या. बुवांनी ताट जरा पुढे सरकवलं.

"या आत. काय आणलंय?"

"दोडक्याची भाजी. तेल बेताचं आहे."

"वाढा."

त्यांच्या कपाळावरचा घाम वाळला होता. आवाज जागेवर आला होता. दहा डब्यांतलं थोडं थोडं त्यांनी वाढून घेतलं. फेटेवाल्याला आचारी समजणारा माणूस पुढे कुठे गेला, तेही त्यांना आठवलं.

दारात रेवती उभी होती. तिच्यामागे पाटणकरसाहेब. आतला सगळा प्रकार ते दोघं किती वेळ बघत होते कोण जाणे. रेवतीच्या हातातल्या फोनवर अजून हिरवी अक्षरं होती. 'ऑर्डर मोकळी आहे.'

साहेबांनी घसा साफ केला. "दहा जणींनी बनवलं, आणि एकीनंही घेतलं नाही?"

"असू दे म्हणून आणलं," शैलानं खुलासा केला.

"हे मी वर काय म्हणून लिहू?"

विमलवहिनींनी एका पत्रावळीवर भाकरी आणि मेथी वाढून त्यांच्या हातात दिली. साहेब दोन भाकऱ्या जेवले, उभ्यानंच. मग रेवतीला बाजूला घेऊन फार सभ्यपणे म्हणाले, "बाजार चालायचा तर कोणीतरी हिसकावणारा लागतो, मॅडम. तुमच्याकडे जेव्हा खरी गरज पडते तेव्हा सगळे मागे सरतात. यात आमचं मन धजणार नाही." ते कीर्तनाला थांबले नाहीत.

मी रेवतीकडे बघायचं टाळलं. रिकामे डबे एकात एक घालत होते. ती माझ्याजवळ आली, खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, बुवा जेवले ना? मग झालं." तेव्हा मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

कारण आता ते सांगायलाच हवं. रेवतीलाही हे आज, वाचूनच कळेल.

खुंटीवरच्या पिशवीत निरांजन नव्हतं. माझ्या घरचा डबा होता. ज्वारीची मऊ भाकरी, घेवड्याची भाजी आणि जवसाची चटणी. दुपारी चार वाजता मी जवस भाजत होते, आणि भाजता भाजता कोनाड्यातल्या देवाला म्हणाले, आज कोणाचा अंगठा चालू देऊ नकोस. तीस वर्षं मी पहिल्या रांगेत बसते. बुवा दर वर्षी विश्वस्तांच्या घरी पाटावर बसतात. एकदा, एकदाच, माझ्या हातचं त्यांच्या ताटात पडू दे. सगळ्या हरतील, आणि मग मी पिशवी काढीन.

बाकीच्या दहाजणींनी एकमेकींसाठी बटण सोडलं होतं. मी मात्र रेवतीचं नशीब पणाला लागलेलं असताना ती फसावी म्हणून देवाला गळ घातली होती, आणि देवानं ऐकलं होतं. सहा दहालाच मला डबा काढता आला असता. सहा पंधराला, रेवती विचारत होती तेव्हा तर नक्की. साहेबांची अट, लबाडी ठरेल, आणखी पाच मिनिटं, असं मी मनाशी घोकत राहिले. पण खरं म्हणजे कोणीच येणार नाही याची मला पुरती खात्री करून घ्यायची होती. बुवांच्या कानामागचा घाम दिसला तेव्हा मला कळलं, मी काय मागितलं होतं ते.

पिशवी तशीच खुंटीवर राहिली.

कीर्तन सात वाजता वेळेवर सुरू झालं. मी खांबाजवळ बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यातला एक शब्द आठवत नाही. मध्यंतरात हार घातले गेले, उत्तररंग लागला, झांजांचा ठेका चढला. बुवा मधेच भक्ताच्या खोटेपणावर आले की मी खांबाआड सरकायचे. आता नाव घेतील, आता माझ्याकडे बघतील. त्यांनी पाहिलं नाही. आपली ठरलेली कथा त्यांनी ठरल्यासारखी गायली, आणि लोकांच्या डोळ्यांना पाणी आणलं.

आरती झाली. बुक्का लावून घेऊन बायका एकेक करून नमस्काराला वाकत होत्या. मी सगळ्यात शेवटी गेले. वाकले. बुवा खाली झुकले, आणि फक्त मलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले,

"साठी उलटली माझी, आत्याबाई. पण निरांजनाला जवसाच्या चटणीचा वास येतो, हे आज कळलं."

मला मान वर करवेना.

"टिकते ना ती उद्यापर्यंत?"

"टिकते," मी कसंबसं म्हटलं.

"मग सकाळी नऊला मी टोचून घेणार आहे. उद्या पिशवी खुंटीला लावू नका."

दुसऱ्या दिवशी पहाटेच रेवतीनं तिच्या त्या पंगतीत तिसरं बटण घातलं होतं, 'असू दे म्हणून'. तेच अजून चालतं. पुण्याच्या नोकरीवर ती गेली नाही. सांगलीला साधी नोकरी करते, आणि हा खेळ आमच्या गावापुरता सांभाळते. एकीनं 'घेते' दाबलं आणि मागून चौघींनी 'असू दे म्हणून' दाबलं, की आजारी माणसाकडे पाच भाज्या पोचतात. त्याबद्दल अजून कोणी तक्रार केलेली नाही.

पण त्या सकाळी साडेआठला घंटी वाजली, तेव्हा माझ्या फोनवर तिन्ही बटणं होती. रेवतीनं माझं स्वयंपाकघर पुन्हा उघडलं होतं. मी काही विचार केला नाही. पिठाच्या हातानंच पहिलं बटण दाबलं.

पाच मिनिटांत शैला दारात हजर. "तीन सेकंद! आत्या, तीन! माझ्यापेक्षा घार तुम्हीच!"

"हो," मी तिला म्हटलं, आणि चटणीचा डबा उघडून वास टिकलाय का ते बघितलं.